मुक्काम पोस्ट हट्टा: आयपीए चाखण्याची कृती

साहित्य: इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए, एक पाइंट. काचेचा ग्लास एक. खारे शेंगदाणे मूठभर. वय सौम्य बिअरला 21, त्यापुढच्या प्रकाराला 25. पिण्याचा सरकारी परवाना. वीज, जमल्यास.

पहिली पायरी सगळ्यांत अवघड, ती म्हणजे माल मिळवणे. बिअर शॉपीत जाऊन नुसतं "आयपीए द्या" म्हणू नये. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक आयपीएल ऐकतं आणि स्कोअर विचारतं. दुकानदार तुम्हाला बाजूला घेऊन मायेने समजावेल, "हे कशाला घ्यायलाव भाऊ? एवढ्या पैशात दोन स्ट्राँग येतेत की." हिशेबाला तो चुकलेला नाही. आपल्या देशात बिअर चढते किती यावर विकली जाते, त्यामुळे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते. तुम्ही चवीसाठी आला आहात हे त्याला सांगू नये. भला माणूस उगाच काळजीत पडतो.

हट्ट्यात नाही मिळाली तर वसमत, तिथे नाही तर परभणी किंवा नांदेड. पुण्यात काम सोपं आहे. 2009 साली तिथे डूलाली सुरू झाली आणि मग अशा छोट्या भट्ट्यांची रीघ लागली. तिथली बिअर टाकीतून थेट ग्लासात येते, पण ती बाटलीत भरून रात्रीच्या नांदेड गाडीने आणायचा विचार सोडावा. गोव्यात एट फिंगर एडी नावाची आयपीए मिळते. हणजूणला ठाण मांडून बसलेल्या आठ बोटांच्या एका हिप्पीचं नाव तिला दिलंय. तीही पिशवीत घालून आणू नये. गोव्याच्या हद्दीबाहेर इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्काचा नाका आहे, आणि तिथल्या साहेबांना तुमची चव समजावून सांगायला वेळ नसतो.

समजा, मिळाली. आता लेबल वाचा. नवशिक्याने 'डबल' किंवा 'इम्पीरियल' लिहिलेल्या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. तो थोरल्या मंडळींचा प्रांत. 'सेशन' किंवा 'हेझी' दिसलं तर उचला. सेशन म्हणजे हलकी, हेझी म्हणजे गढूळ. ओट किंवा गव्हामुळे हेझी दाट, मऊ लागते आणि कडूपणा दबून राहतो. गढूळ पाहून बिघडली समजून परत करायला जाऊ नका.

पण खरी पाहायची गोष्ट म्हणजे भरल्याची तारीख. या बिअरचा सगळा जीव हॉप्समध्ये. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. आपल्याकडे हिमाचलात लाहौलला ती पिकतात, आणि ही वेल गांजाच्या कुळातली आहे (ही माहिती जेवायच्या पंगतीत देऊ नये). बोंडं जितकी जास्त वेळ उकळावी तितका कडूपणा उतरतो. शेवटी, आच बंद करताना किंवा बिअर आंबल्यावर घातली तर कडूपणा कमी आणि वास जास्त. नवशिक्यांच्या आयपीएत ही दुसरी रीत वापरतात. गंमत अशी की हा वास फार नाजूक. उन्हात बाटली राहिली तर हॉप्समधलं एक द्रव्य फुटून अगदी घाणेरडा दर्प सुटतो, म्हणून तपकिरी बाटली किंवा कॅन बरा. आणि नुसत्या उष्णतेनेही महिन्या-दोन महिन्यांत मोसंबीचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो.

आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा 42 वर, वर टिनाचं छप्पर, वीज सकाळपासून गेलेली, फ्रीज नुसता कपाट झालेला. ज्या बिअरचं नाव हिंदुस्थानावरून पडलं, ती लंडनहून केप ऑफ गुड होपला वळसा घालत, विषुववृत्त दोनदा ओलांडत चार-सहा महिन्यांनी मुंबईला पोचायची आणि पिणारे खूश असायचे. तिची आजची नात वसमतच्या फळीवर उन्हाळा काढू शकत नाही. म्हणून जिथे फ्रीज चालू आहे तिथूनच घ्या, आणि पावसाळ्यात घ्या.

इथे जाणकार मंडळी एक गोष्ट सांगतात, ती पाठ करून ठेवा: जहाजात बिअर नासू नये म्हणून जॉर्ज हॉजसन नावाच्या इंग्रजाने ती मुद्दाम हॉप्स घालून शोधली. सांगायला छान आहे, खरी नाही. फिकट आणि भरपूर हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीच होती. हॉजसनचं खरं डोकं उधारीत. त्याची भट्टी लंडनच्या बो भागात, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत तिथून जवळ, आणि कप्तानांना तो वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर पिंपं द्यायचा. मोंढ्यातल्या कुठल्याही अडत्याला ही युक्ती उलगडून सांगावी लागणार नाही. पुढे हॉजसनचे वारस माजले, कप्तानांना डावलून स्वतःच माल धाडू लागले. तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने 1822 च्या सुमारास बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठलं. त्याच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला असं म्हणतात. बर्टनचं पाणी जड, जिप्समने भरलेलं. त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उमटला आणि बर्टन श्रीमंत झालं. आमच्या बोअरचंही पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजत नाही.

तेव्हा हिंगोलीला निजामाच्या कंटिन्जंटची छावणी होती, गोरे अधिकारी होते. त्यांच्या मेजावर हे पिंप बैलगाडीने आलं असणारच. रयतेला शिंदी होती. नाव इंडिया, पिणारे गोरे. तुमचा आजचा घोट दोनशे वर्षं उशिराचा आहे, तेव्हा तो घाईने घेऊ नये.

ग्लास साबणाचा अंशही राहणार नाही असा विसळा, नाहीतर फेस बसतो. स्टीलचा पेला चालणार नाही. रंग दिसत नाही आणि शेजाऱ्यांना ताक वाटतं. बर्फ घालू नका. फ्रीजमधून काढल्यावर दहाएक मिनिटं थांबा, कारण बर्फासारख्या थंड बिअरला वास नसतो. हट्ट्यातल्या उन्हाळ्यात दहाची पाच करावीत.

आता ग्लास तिरका धरून ओता, नाक आत घाला आणि वास सांगा. इंग्रजी पुस्तकात इथे ग्रेपफ्रूट, पाइन, लिची लिहिलेलं असतं. ज्याने पाइनचं झाड पाहिलं नाही त्याने ते ओळखावं ही सक्ती कशाला? मराठवाड्यातल्या माणसाने बेधडक मोसंबीची साल म्हणावं. पाडाचा आंबा म्हणावं. ओली हळद म्हणावं. हळदीच्या तालुक्यात राहून तेवढा हक्क आहे. कुणी खोडून काढू शकत नाही, कारण नाक तुमचं आहे. फक्त "बिअरसारखा वास येतोय" एवढं म्हणू नये. ते खरं असलं तरी.

पहिला घोट छोटा. कडू लागेल. कडू म्हणजे विष, अशी जिभेची जुनी समजूत असते आणि ती मेंदूला तसं कळवते. तिला सांगा की आपण कारलं खातो, मेथी खातो, पाडव्याला कडुनिंब चावतो. दुसऱ्या घोटाला तक्रार कमी होते. तिसऱ्याला मोसंबी दिसू लागते. इथे शेंगदाणे तोंडात टाका. मिठाने कडूपणा दबतो. ठेचा मात्र लांब ठेवा. हॉप्सचा कडूपणा आणि फसफस दोन्ही मिरचीला चिथावणी देतात, आणि मग आयपीएची काय चव होती हे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आठवत नाही. गाडीची किल्ली ठेच्याहून लांब ठेवावी.

एवढं करूनही आवडली नाही, तर कुढू नका आणि उरलेली ओतून देऊ नका. बेसनात चिरलेली मेथी, ओवा, मीठ घाला आणि पाण्याऐवजी हीच घालून पीठ भिजवा. फेसामुळे भजी कुरकुरीत होतात. फक्त तळणीत बिअरचा सगळा अंश जात नाही. तेव्हा पोराबाळांना देऊ नका, आणि घरात कुणी माळकरी असेल तर खरं सांगून टाका आणि ताट एकट्याने संपवा.