वाचकावरील शेरा

जुनी पुराणे जप्त करता येतात, पुराणश्रवणाची गोडी जप्त होत नाही, हे गोव्यातील नवख्रिस्ती श्रोत्यांकडे पाहून ओळखणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली राचोल येथे छापविले. आमचे धर्ममासिकांचे संपादक त्याहून प्रगत असल्यामुळे धर्मगुरूंचा संदेश, त्यावरील विवेचन व विवेचनाबद्दल आभार या क्रमाने अंक सिद्ध करतात. वाचक मात्र प्रथम शेवटचे पान उघडून कोणाचे लग्न ठरले, कोणाचे निधन झाले एवढे पाहतो आणि नंतर त्यातच सुके बोंबील बांधतो. ‘वाचकांत श्रद्धा उरली नाही’ असा शेरा मारून संपादक हे प्रकरण दप्तरदाखल करतात. स्टीफन्सला हा शेरा सुचता, तर बिचाऱ्याचे केवढे श्रम वाचले असते!