विसर्जन उत्तम

अमरावतीत बीपीएड करणाऱ्या मुलाला पाठ घ्यायला शाळेत धाडतात, तेव्हा त्याच्या गळ्यात शिट्टी असते, काखेत टाचणवही असते आणि डोक्यावर गावाचा इतिहास. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं रोप लावलं. मंडळाचं पथक १९३६ मध्ये थेट बर्लिन ऑलिंपिकला गेलं आणि तिथे कबड्डी दाखवून आलं. साहजिकच सातवीच्या एका वर्गाला रांगेत उभं करणं ही काही मोठी गोष्ट नव्हे, असं या गावात समजतात.

आपला छात्राध्यापक अकोल्याचा. बीपीएड २०१५ पासून एकाऐवजी दोन वर्षांचं झालं, हे माहीत नसलेल्या त्याच्या काकांना पोरगा पहिल्यांदा नापास झाला असंच वाटत होतं. त्याच्या टाचणवहीत मात्र पस्तीस मिनिटांचा चोख हिशेब होता : प्रास्ताविक भाग, विशेष भाग, मनोरंजक भाग, आणि शेवटी एकत्रीकरण व विसर्जन. ‘विसर्जन’ हा शब्द त्याला पहिल्या दिवशी उगाच गणपतीचा वाटला. आठवड्याभरात त्याचा नेमका अर्थ कळला.

मुळात तास हाती लागणंच कठीण. पीटीचा तास आला की गणिताच्या बाईंचा अभ्यासक्रम हमखास मागे पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी एकदाचं मैदान मिळालं. मैदान म्हणजे कडुलिंबाखालची काळी माती. पावसाळ्यात ती चपलांना धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये चेंडू गिळते. त्याने सकाळी लवकर येऊन फक्कीने खो-खोचं मैदान आखलं : सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर, पुस्तकात दिलंय अगदी तसं. प्रार्थना होऊन मुलं वर्गात परतली, तेव्हा निम्मी फक्की त्यांच्या पायांबरोबर वर्गात गेली.

‘सावधान’ जमलं. ‘विश्राम’ फारच छान जमला. ‘दाहिने मुड’ म्हटल्यावर मात्र निम्मा वर्ग उजवीकडे वळला, निम्मा डावीकडे, आणि समोरासमोर आलेल्या जोड्यांनी गप्पा सुरू केल्या. मराठी शाळेत, वऱ्हाडी पोरांना, हिंदीतून उजवं-डावं! ‘पीछे मुड’ म्हणायच्या आत एक हात वर आला, “सर, पानी प्याले जाऊ का जी?” एकाला सोडलं की अख्ख्या रांगेला तहान लागते. हा नियम कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

याच मुलुखात जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. आपला माणूस शनिवारी मूर्तिजापूरमार्गे घरी जाताना त्याच गुळगुळीत रस्त्याकडे पाहून सुस्कारे टाकायचा. ७५ किलोमीटर पाच दिवसांच्या आत. आणि त्याची वीस फुटांची रांग आठवड्यातही सरळ होईना.

खरी गंमत खो-खोत. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांनी चौकोनात उकिडवं बसायचं, एकाआड एक तोंड फिरवून. बसायला कोण तयार होणार? सगळ्यांना पळायचंच होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला, असं त्याने छाती फुगवून सांगितलं. समोरून प्रश्न आला, “मंग त्याईले बी असंच बसा लागे का जी?” शेवटी आठ जण बसले, पण ‘खो’ मिळायचा तो दोस्तीवर. पाठलाग करणारा पोट्टा तिघांना ओलांडून जायचा आणि थेट आपल्या डब्याच्या भागीदाराच्या पाठीवर थाप मारायचा. दुसऱ्या टोकाला बसलेल्या एकाला पंधरा मिनिटांत एकदाही खो मिळाला नाही. त्याने जमिनीच्या भेगेतली मुंग्यांची रांग शोधून काढली होती. मैदानावरची तेवढी एकच रांग सरळ होती.

पाठनिरीक्षक लिंबाखाली खुर्ची टाकून हे सगळं गंभीरपणे टिपत होते. इतक्यात घंटा झाली. शिट्टी तोंडाशी न्यायच्या आत चाळीस मुलं वर्गाच्या दिशेने गायब. मैदानावर एक निळी चप्पल तेवढी उरली.

संध्याकाळी निरीक्षण तक्ता हातात पडला. वर्गनियंत्रण : सुधारणेस वाव. आज्ञा : स्पष्ट, पण व्यर्थ. विसर्जन : उत्तम.