पुठ्ठ्याचं गोत्र

न्हावा-शेव्याला पुठ्ठ्याचा कंटेनर उतरला की त्याला 'बाबा रे, तू कोण?' असं कुणी विचारत नाही. 'तुझे थर एकमेकांना चिकटले कसे?' असं विचारतात. लगदा ओला असतानाच दोन-तीन थर एकमेकांवर दाबले गेले आणि आपसूक जुळले, तर सीमाशुल्काच्या यादीत साधारणपणे गट ४८०५. वाळल्यावर मध्ये खळ लावून चिकटवले, तर ४८०७. प्रेमविवाह एका रजिस्टरात, ठरवून केलेला दुसऱ्यात. मधला थर नागमोडी असेल तर ४८०८, आणि त्याचाच खोका झाला की ४८१९.

हे काही आपल्या बाबूंच्या डोक्यातून निघालेलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ही पद्धत ब्रुसेल्सची, १९८८पासून जगभर चालते. आठ आकडी क्रमांकातले पहिले सहा आकडे त्यांचे, शेवटचे दोन आपले. आपण फक्त दोनच आकड्यांची भर घालून थांबलो, हा संयम दुर्मीळच.

खरी गंमत प्लास्टिकची. कागदाच्या एका थरावर प्लास्टिकचा थर असेल तर जाडी मोजायची. प्लास्टिक निम्म्याहून जास्त भरलं की कागदाचं नाव प्रकरण ४८मधून कमी होऊन प्रकरण ३९मध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या घरात लागतं. साहेब नमुन्याचा कोपरा मोजतात, मग मधला भाग मोजतात, चष्मा पुसून पुन्हा कोपरा मोजतात. 'साहेब, दोन्हीकडे वेगळं आलं तर?' असं विचारणाऱ्या एजंटाचा नमुना लॅबला जातो आणि कंटेनरवर डिमरेज चढायला लागतं. सनमायकाच्या जातीचे पत्रे कागद की प्लास्टिक, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला. त्याच पत्र्यावर ताट ठेवून रोज आमटी-भात ओरपणाऱ्यांना आपण कोणत्या प्रकरणावर जेवतोय, याची गंधवार्ताही नसते.

रुंदीचं सोवळंही आहेच. रोल ३६ सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद हवा. नेमका ३६ भरला, तर ४८०३पासून ४८०९पर्यंतची सगळी दारं बंद.

एवढं गोत्र तपासून मूळ सीमाशुल्क किती? ४८०५ला १० टक्के. आणि ४८०७ला? १० टक्के. मग भांडायचं कशासाठी, असं विचारू नका, सोय झालेली आहे. ऑक्टोबर २०२२पासून कागदाच्या २०१ प्रकारांना फी भरून आगाऊ नोंदणी लागते. ऑगस्ट २०२५मध्ये ताज्या लगद्याच्या बहुथरी पुठ्ठ्याला टनामागे ६७,२२० रुपये किमान आयात किंमत ठरली. म्हणजे कालपर्यंत 'एकदम फ्रेश माल' म्हणून मिरवणाऱ्या व्यापाऱ्याला उद्या 'छे हो, रद्दीचाच आहे' असं शपथेवर सांगावंसं वाटलं, तर त्याला दोष कोण देणार?

शंकाच नको असेल तर मुंबईत अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. माल देशात येण्याआधी विचारा, कायद्यानं तीन महिन्यांत उत्तर मिळतं. तोवर कप्तानाला कोलंबोत हवापालट करायला सांगा. पावसात माल भिजून चिखल झालाच, तर गट ४७०७, रद्दी आणि टाकाऊ कागद. तिथे थर कुणी मोजत नाही.