वाळूवरचा प्रपंच

समुद्रकाठच्या तंबूची जाहिरात कुठलीही घ्या, चित्र ठरलेलं असतं. मावळतीचा लालसर उजेड, घडीची खुर्ची, हातात वाफाळता मग आणि समुद्राकडे तोंड करून बसलेला एक पाठमोरा गृहस्थ. तो पाठमोराच का असतो, याचा विचार कुणी फारसा केलेला दिसत नाही. माझा अंदाज असा, की त्याचं तोंड दाखवण्याजोगं नसतं. गॅस उद्यापर्यंत पुरेल का, गोड्या पाण्याचा कॅन कुणी उघडा ठेवला, टॉवेल अजून ओला कसा, अशा प्रश्नांनी ते पुरतं गांजलेलं असतं. दोन रात्रींसाठी येऊन फोटो काढून जाणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. ते पाहुणे, आणि पाहुण्याला कुठलंही घर छानच दिसतं. प्रश्न आहे तो पंधरा दिवस, महिनाभर किनाऱ्यावर मुक्काम टाकणाऱ्यांचा. 'सगळा व्याप सोडून एकदा कोकणात समुद्रकाठी जाऊन राहायचंय' असं म्हणणारी माणसं आपल्याकडे घरटी एक आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की व्याप मागे राहत नाही. तो तुमच्या आधी गाडीत बसतो, आणि वाळूवर उतरल्यावर घरातल्यापेक्षा दुप्पट कडक होतो.

पहिला पुरावा पायाखालीच आहे. घरात केर दिवसातून एकदा काढतात, फार तर दोनदा. तंबूत केर काढणं हे श्वास घेण्यासारखं सततचं काम आहे. वाळू पायांना चिकटून येते, वाऱ्यावर येते, ओल्या कपड्यांतून येते आणि काहीच नाही तर आपण होऊन येते. कणकेत येते, पोह्यांत येते, चार्जरच्या भोकात जाऊन बसते. तंबूतला तिसरा दिवस ओळखण्याची खूण म्हणजे दारात पाण्याची बादली आणि तिच्याशेजारी पायपुसणं म्हणून अंथरलेलं गोणपाट. चौथ्या दिवशी कायदा जाहीर होतो: चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि आत आल्यावर अंग झटकायचं नाही. हा कायदा करणारा माणूस बहुधा तोच, जो घरी बूट घालून थेट बाल्कनीपर्यंत जातो आणि कुणी बोललं तर 'घर आहे की सोवळ्याचं स्वयंपाकघर' म्हणून चिडतो. वाळूच्या जोडीला मीठ असतं. हवेतल्या मिठाने चेन धरते आणि रात्री दोन वाजता दार उघडेनासं होतं. तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासत बसावं लागतं. काडेपेटी सर्दावते, कात्रीला गंज चढतो. समुद्रात भिजलेला टॉवेल दुपारी पापडासारखा कडक वाळतो आणि संध्याकाळी, कुणी हात न लावता, पुन्हा ओला होतो. कारण त्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे तो कितीदाही वाळत घातला तरी, गोड्या पाण्यातून पिळून काढल्याशिवाय, त्याचं वाळणं हे रोजंदारीवरचं.

पण खरा धनी समुद्रच. लोक घड्याळाचा जाच नको म्हणून किनाऱ्यावर येतात आणि अशा मालकाच्या हाताखाली सापडतात जो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, पण त्या उशिरात एका मिनिटाची सूट देत नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. त्यांचा जुना हिशोब कोळ्यांच्या पोरालाही पाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. आता यातली गंमत पाहा. शहरातला हौशी माणूस सुट्टीच्या सोयीने समजा अष्टमीला येतो. तेव्हा भांग असतो, पाणी फार वर चढत नाही, पुळण कशी ऐसपैस दिसते. तो पाण्यापासून बेताच्या अंतरावर तंबू ठोकतो आणि 'लाटांचा आवाज उशाशी' म्हणून खूश होतो. आठवड्याने पौर्णिमा येते, उधाण येतं, आणि रात्री अकराच्या सुमाराला लाटाही उशाशी येतात. म्हणून जाणता माणूस आधी मर्यादवेल शोधतो. जांभळ्या फुलांची ही वेल जिथे पसरलेली असते, तिथवर समुद्र सहसा पोचत नाही; आणि तिच्या अलीकडे काडीकचरा, शिंपल्या, तुटक्या दोरांचा जो पट्टा पडलेला असतो, तो मागच्या उधाणाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला असतो. सरकारनेही २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत पर्यटकांच्या तात्पुरत्या सोयींना मुभा देताना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सांगितलं आहे. पण सांगायचा मुद्दा हा, की पोहायला कधी जायचं, खडकावर कालवं पाहायला कधी उतरायचं, खाडी कधी ओलांडायची आणि सामान कधी मागे ओढायचं, हे सगळं तिथीवर ठरतं. मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात माणसाला वार आठवत नाही, पण तिथी विचारा, झोपेत सांगेल. तंबूच्या खांबाला कालनिर्णय लटकतं. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, हा योगायोग मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

वाऱ्याचं तेच. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई. तंबूचं दार समुद्राकडे ठेवावं हा प्रत्येक नवख्याचा हट्ट, कारण मुळात तो त्या दारातून दिसणाऱ्या देखाव्यासाठीच आलेला असतो. दुपारी त्या दारातून वारा आत शिरतो, तंबू शिडासारखा फुगतो, आणि वाळूत ठोकलेल्या मेखा लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. मग कुणीतरी स्थानिक शांतपणे येऊन दाखवतो, की वाळूत मेख उभी ठोकायची नसते. पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून, हात-दीड हात खोल पुरायची असते. आणि जाताजाता दार फिरवून माडांकडे करायला सांगतो. समुद्राकाठी येऊन समुद्राकडे पाठ! पण यात नवल काही नाही. गुहागरला जाऊन पाहा: घरांची तोंडं रस्त्याकडे, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडी संपली की मग समुद्र. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्र पाहिला त्यांनी तो परसदारी ठेवला. 'सी फेसिंग' ही हौस ज्यांना समुद्र वर्षातून चार दिवस भेटतो त्यांची.

पाण्याबद्दल बोलायचं तर हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. कोकणात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये हंड्यांच्या रांगा लागतात, हे तिथल्या माणसाला नवीन नाही. किनाऱ्यालगत गोडं पाणी मिळतं, कारण वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पण उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याला चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. नावांवरूनच कळावं, की बेटावर राहणाऱ्याला गोड्या पाण्याचं कौतुक किती. तंबूत हे कौतुक दोन दिवसांत उपजतं. समुद्रात डुंबणं फुकट, पण अंगावरचं मीठ उतरवायला बादलीभर गोडं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात साबणाला धड फेस येत नाही. भांडी आधी वाळूने घासायची, मग समुद्रात खळबळायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा, तोही वाटीने. हा हिशोब न पाळणाऱ्याबद्दल तळावर जे बोललं जातं, ते चाळीतल्या नळावरच्या संभाषणाहून फार वेगळं नसतं.

स्वयंपाकाविषयी एक मुद्दा आहे, जो जाहिरातवाले तर सोडाच, तंबूप्रेमी पुरुषही मांडत नाहीत. घरचा ओटा कमरेइतका उंच असतो, तंबूतली चूल घोट्याइतकी. बाकी सगळं तेच: कांदा तोच, पोळ्या त्याच, 'आज काय?' हा प्रश्न तोच. फक्त आता तो वाकून आणि वाऱ्याच्या आड बसून सोडवायचा. ज्या कुटुंबात रांधायचं काम वाटून घेतलेलं नाही, तिथे 'निसर्गात आराम' हा शब्दप्रयोग बाईसमोर जपून वापरावा. रापणीवर ताजी मासळी मिळते, हे खरं. पण त्यासाठी रापणकर जाळं ओढायला येतील तेव्हा आपण तिथे हजर पाहिजे, आणि ती वेळ पुन्हा त्यांची. पंचवीस-तीस माणसं दोन टोकांनी दोर ओढतात, जाळं काठाला लागतं, बांगडे-तारली उडतात, आणि कष्टाप्रमाणे वाटे पडतात. बघ्याचा वाटा विकत घ्यावा लागतो. मग ते साफ करायचे आणि आतडी खोल पुरायची. नाहीतर रात्रभर कुत्री तंबूभोवती परिषद भरवतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, हल्ली तंबूत पलंग असतो, जोडून न्हाणीघर असतं, घंटा वाजवली की चहा येतो. असेल. पण भिंती कापडाच्या केल्या म्हणून लॉजचा तंबू होत नाही. आणि तिथेही केर निघतोच, फक्त काढणारा दुसरा असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. गोव्यात गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत ते केस वाढवलेले परदेशी तरुण आले आणि हंगामच्या हंगाम हणजूणच्या किनाऱ्यावर पडून राहिले. त्यांनी कुठे प्रपंच मांडला? त्यांनीच तर मांडला! सगळ्या बाजारू जगाकडे पाठ फिरवून आलेल्या या मंडळींनी आपलं सामान विकता विकता तिथे चक्क बुधवारचा बाजार भरवला, आणि तो पुढे इतका वाढला की त्यांच्या मागे राहिलेली सर्वांत ठळक संस्था म्हणजे हाट. आणि तंबूवासाचे आद्यगुरू, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल? त्यांनी १९०७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी बेटावर पोरांची ती प्रसिद्ध छावणी भरवली, तेव्हा आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकून पहाटे सगळ्यांना उठवलं जाई. घरी आयांनी उठवलं असतं तर उशिरा उठवलं असतं.

'मग जाऊच नये का?' असा तिसरा आक्षेप येतो, थोडा रागाने. जरूर जावं. माझा विरोध मुक्कामाला नाही, त्याच्या नावाला आहे. ज्यांना केर काढायला, दोर ताणायला, पाणी पुरवून वापरायला, तिथी मोजायला आणि शेजारच्या तंबूतल्या भांडणात मध्यस्थी करायला मनापासून आवडतं, त्यांनी महिनाभर राहावं. त्यांच्याइतकी सुखी माणसं किनाऱ्यावर दुसरी नसतात. फक्त रजेच्या अर्जात 'विश्रांतीसाठी' लिहू नये, ते खोटं ठरेल. कोकण किनाऱ्यावरचे तंबू मे संपता संपता उतरवतात, जूनपासून पाऊस आणि वारा कुणाला टिकू देत नाहीत. विश्रांतीच हवी असेल तर पुढचे चार महिने आहेत, आणि त्यासाठी आपलं घर बरं.