मीटर जबलपूरचा, पंप मुंबईचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने वीज कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात एक कलम फार गोड आहे. एकाच भागात, त्याच खांबांवरून आणि त्याच तारांतून एकाहून जास्त कंपन्यांना वीज विकता येईल. ग्राहकाने पसंत पडेल ती निवडावी. सिम कार्ड बदलतो तशी वीज कंपनी बदला, असं त्याचं कौतुकही सुरू झालं. लांजीत बसून ही बातमी वाचणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘मग आमगावची लागेल का?’

प्रश्न वेडा वाटेल, पण नकाशा काढून बघा. वाघ नदीच्या अलीकडे लांजी, बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. पलीकडे आमगाव, गोंदिया जिल्हा, महाराष्ट्र. दोन्हीकडे धान, दोन्हीकडे बांध्या, दोन्हीकडे रोवणीला मजूर मिळत नाहीत ही एकच तक्रार. लांजीच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. वीज मात्र इकडे येते ती पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची, मुक्काम जबलपूर. गावातले लोक तिला अजून एमपीईबीच म्हणतात. ते जुनं राज्य वीज मंडळ मोडून कंपन्या झाल्या, त्यांनी जून २००५ मध्ये कामकाज हाती घेतलं त्याला वीस वर्षं उलटली, पण लोकांच्या तोंडचं मंडळ अजून विसर्जित झालेलं नाही. आमगावला महावितरण, मुक्काम मुंबई, वांद्र्याचं प्रकाशगड. तीही जून २००५ चीच. दोन्ही राज्यांना मंडळ फोडण्याची बुद्धी एकाच महिन्यात झाली.

आता लांजीकराचा पुरवठादार कोणी निवडला? राज्य पुनर्रचनेने. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बालाघाट आणि भंडारा (आमगाव तेव्हा त्यातच) एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर आमच्याकडे कोणी पसंती विचारायला आलेलं नाही, म्हणून या मसुद्याचं अप्रूप.

दिवाळीच्या दिवसांत ओसरीवर रंगणारा संवाद ऐकण्यासारखा असतो. सासरे लांजीचे, जावई आमगावकडचे.

‘किती आलं जी मामाजी, बिल?’

‘शंभर.’

‘महिन्याचं?’

‘मग काय वर्षाचं?’

जावयाचा चेहरा पडतो. मध्य प्रदेशात महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. कमलनाथांच्या काळात, २०१९ मध्ये, ही सवलत इंदिरा गृहज्योती म्हणून आली. सरकार बदललं तशी तीच अटल गृहज्योती झाली. पुरवठादार बदलत नाही, ज्योतीचं नाव तेवढं बदलतं. आमगावच्या बिलात नुसता स्थिर आकारच शंभराच्या वर जातो. मग युनिटाचा दर, मग वहन आकार, मग इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. मामाजींना वहन आकार म्हणजे काय ते जावयाने दोनदा समजावून सांगितलेलं असतं. ते दर वेळी म्हणतात, ‘वीज पोचवायचे वेगळे पैसे? मग आधीचे कशाचे?’

इथवर मामाजी जिंकलेले. मग जावई कूस बदलतात.

‘आणि पंपाचं?’

मामाजी सुपारी शोधू लागतात. इकडे पंपाला अश्वशक्तीप्रमाणे ठोक दर, एका एचपीला वर्षाचे साडेसातशे. पाच एचपीचे पावणेचार हजार झाले. पलीकडे २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजना, साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ, मार्च २०२९ पर्यंत. ‘आमचं शून्य येतं जी,’ हे वाक्य जावई इतक्या विनयाने उच्चारतात की त्यापेक्षा शिवी बरी.

तेव्हा लांजीच्या हुशार माणसाची मागणी ठरलेली आहे. घराचा मीटर जबलपूरचा, पंपाचा मुंबईचा. आमगावच्या हुशार माणसाची नेमकी उलटी. मसुदा लिहिणाऱ्यांनी या दोघांना विचारलं असतं तर त्यांना एक गोष्ट पहिल्याच चहात कळली असती. यातल्या एकालाही कंपनी बदलायची नाही. दोघांनाही सरकार बदलायचं आहे, तेही वीजबिलापुरतं. स्वस्ताई कंपनीची नाहीच, ती राज्याच्या तिजोरीतून येते. भोपाळची सवलत भोपाळच्या रहिवाशाला, मुंबईची मुंबईच्या. उद्या त्याच तारेवर पाच कंपन्या आल्या तरी तिजोरी तारेतून वाहत नाही.

वीज मात्र वाहते, बरं का. आमच्या शेजारी तिरोड्याला अदानींचं ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. पेंचवर तोतलाडोहला १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, आणि त्यातले दोन वाटे मध्य प्रदेशाचे, एक वाटा महाराष्ट्राचा, असा राज्याराज्यांत व्यवस्थित भाऊहिस्सा झालेला आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून देशभर एकच जाळं. म्हणजे वीज सीमा ओलांडून कधीची गेली. अडकलं ते बिल.

‘त्याच तारा, दुसरी कंपनी’ हा प्रयोग नवा आहे असं जो सांगेल त्याला बोरिवलीला पाठवावं. मुंबईच्या उपनगरांत तो होऊन गेला. २००८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने टाटांना घरोघरी वीज विकायचा हक्क आहे असं म्हटलं. १५ ऑक्टोबर २००९ ला राज्य वीज नियामक आयोगाने रिलायन्सच्या तारांवरूनच टाटांची वीज घ्यायची वाट मोकळी केली. तार एकाची, वीज दुसऱ्याची, बिल दुसऱ्याचं आणि त्या बिलात तारेचं भाडं पहिल्याचं. लोक सोसायट्या करून गेले. मग लक्षात आलं की मोठमोठे ग्राहक निघून गेले तर मागे राहणाऱ्यांच्या बिलात तेवढा खड्डा पडतो. म्हणून जाणाऱ्यांवर अधिभार बसला. २०१२ मध्ये तर आयोगाला टाटांना सांगावं लागलं की बदलीसाठी आता तीनशे युनिटांपर्यंतचे घरगुती ग्राहकच घ्या. पुढे दर फिरले तसे काही ग्राहकही उलटे फिरले. रिलायन्सच्या जागी २०१८ मध्ये अदानी आले. एवढ्या सगळ्या धावपळीत आपण नेमकं किती वाचवलं हे विचारलं तर उपनगरातला माणूस विषय बदलून लोकलच्या गर्दीवर येतो.

पुढे अदानींनी नवी मुंबई, ठाणे, मुलुंड, भांडुप या महावितरणच्या टापूत समांतर परवाना मागितला, आणि जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. तो संप एका दिवसातच मिटला. अदानींनी मागितलेल्या गावांची यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात लांजी नाही. सालेकसा नाही, किरनापूर नाही, बैहर तर नाहीच नाही. निवड ही गोष्टही जिथे आधीच दिवे लखलखत असतात तिथेच जायला बघते.

बरं, समजा आली लांजीत दुसरी कंपनी. आली तर ती कोणाचा मीटर बघून अर्ज देईल? सरळ, साध्या, जिवंत माणसाच्या नावावरच्या मीटरचा. आणि घोडं तिथेच पेंड खातं.

या बाबतीत विलायतही मागासलेली आहे, याचा थोडा आनंद व्हायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून घरोघरच्या ग्राहकाला वीज कंपनी निवडता येते. पण तिथल्या जुन्या घरांत एक वेगळाच मीटर असायचा. रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी तापवायचं, खोली उबदार करणाऱ्या विटा तापवून ठेवायच्या, आणि हे कधी सुरू नि कधी बंद करायचं याचा इशारा चक्क बीबीसीच्या लाँगवेव्ह रेडिओलहरींवरून, १९८ किलोहर्ट्झवरून, मीटरला यायचा. वरून बातम्या चालू, खालून मीटरला हुकूम. असा मीटर असणाऱ्याला नवी कंपनी दारात उभं करेना. दर जुळत नाही, मीटर बदला, वायरिंग बदला, मग या. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला आदेश काढावा लागला की मीटर न बदलताही या लोकांना साधा दर द्या. पुढे ती रेडिओची यंत्रणाच म्हातारी झाली आणि ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने तिचा इशारा बंद करायला घेतला. स्वस्त रात्रीसाठी घेतलेला मीटर शेवटी गळ्यात पडला.

(रात्रीच्या विजेचं त्यांना एवढं कौतुक, याचं आमच्याकडच्या धानवाल्याला हसू येईल. आमच्याकडे शेतीला दिवसाकाठी दहा तास वीज, तीही पाळीने. त्यातली रात्रीची वीज स्वस्त नसते, ती फक्त रात्रीची असते. उन्हाळी धानाला पाणी द्यायला दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जाणाऱ्याला विटा तापवायची गरज पडत नाही.)

तर अवघड मीटर. ब्रिटनमध्ये ते अपवाद होते. आमच्याकडे सरळ मीटर शोधावा लागतो. पहिली जात आजोबांच्या मीटरची. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली, त्यांच्या नावाचा खसरा फिरला, रेशन कार्डावरून नाव गेलं, पण बिल अजून त्यांच्याच नावाने येतं आणि ते भरतातही वेळेवर. नामांतरण करायचं तर चार भावांच्या सह्या हव्यात. त्यातला एक रायपूरला, एक बोलत नाही. म्हणून आजोबांना ग्राहक म्हणून जिवंत ठेवण्यावर कुटुंबात एकमत आहे.

दुसरी जात वाटणीच्या मीटरची. दीडशेच्या वर गेलं की सवलत गेली, म्हणून एकाच घरात दोन मीटर. चूल एक, फ्रिज एक, सासू एक, पण भिंतीवर दोन डबे शेजारी शेजारी. एकाचा आकडा १४० ला आला की इस्त्रीची वायर दुसऱ्या खोलीत. महिना संपत आला की घरातली सून मीटरसमोर उभी राहून जे गणित करते ते बघून नियामक आयोगाने तिला नोकरीवर घ्यावं.

तिसरी जात नव्या नवलाईची. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, आणि छपरांवर निळ्या काचा चढल्या. तिथे मीटर दोन्हीकडे मोजतो, घेतलेली वीज आणि दिलेली वीज. उन्हाळ्यात दिलेली युनिटं कंपनीकडे जमा. आता मला सांगा, या माणसाने मध्येच कंपनी बदलली तर जमा युनिटांचं काय? जुनी म्हणेल तुम्ही गेलात, नवी म्हणेल आम्हाला कुठे दिलीत.

चौथी जात किरायेदाराची. घरमालकाने आतून लावलेला सबमीटर, दर घरमालकाच्या मनातला. किरायेदार वीज वापरतो, पैसे देतो, पण ग्राहक तो नाहीच. त्याला पुरवठादार बदलायचा तर घर बदलावं लागतं, आणि ते तो बिचारा दर दोन वर्षांनी करतोच.

आणि सगळ्यांत नामी जात म्हणजे बिनमीटरचा पंप. ठोक दर असल्यावर मोजायचं कशाला? वीज कायदा २००३ मध्येच सांगून बसलाय की दोन वर्षांत मीटरशिवाय वीज देणं बंद. राज्यं मुदत वाढवत राहिली. आता ज्याचं मोजमापच नाही त्याला नव्या कंपनीने कोणत्या दराने घ्यायचं? घेणार नाही, हे उत्तर आहे. ती येईल, राईस मिलवाल्याला भेटेल, त्याच्याकडे चहा घेईल, सिनेमागृह उरलं असलं तर तेही बघेल, आणि संध्याकाळच्या आत गोंदियाला परत. मागे राहतील शंभर रुपयांचे दिवे, ठोक दराचे पंप आणि जबलपूरची कंपनी, तिचा एक भरवशाचा ग्राहक गमावून.

या मसुद्यात कारखान्यांच्या बिलातून इतरांना मिळणारा आधार पाच वर्षांत संपवायचीही सूचना आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असंच एक विधेयक लोकसभेत आलं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, आणि लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. याचं काय होतं ते बघू. तोवर कोणाला आमगावची वीज हवीच असेल तर कागद तयार ठेवावेत: मागचं भरलेलं बिल, आधार कार्ड, बकाया नसल्याचा दाखला आणि मूळ ग्राहकाची सही. सही आजोबांची लागेल.