पाटी आणि पाळ

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सूरजकुंडाची कथा शहराच्या ‘लष्कर’ भागातील मराठी घरांतून अजूनही आज्या सांगत असतात. सूरजसेन नावाचा कुष्ठरोगी राजा मृगयेच्या ओघात तृषार्त होऊन या टेकडीवर आला, ग्वालिपा नामक सिद्धपुरुषाने त्यास तेथील तळ्याचे पाणी पाजले, राजा व्याधिमुक्त झाला. आणि सिद्धपुरुषाने आज्ञा केली की हे तळे मोठे कर, येथे किल्ला बांध आणि ‘पाल’ हे नाव धारण कर, कारण तुझ्या वंशात हे नाव असेल तोवरच राज्य असेल. पुढच्या ८३ वंशजांनी आज्ञा पाळली. ८४ वा तेजकरण ‘पाल’ हे पद टाकून बसला आणि राज्यासही मुकला.

प्रस्तुत लेखकाने या दंतकथेचे दीर्घकाल मनन केले असून, आधुनिक राज्यपद्धतीने तिचे तात्पर्य नेमके उलटे घेतले आहे असे त्याचे नम्र मत झाले आहे. पूर्वी नाव टाकले की राज्य जात असे. हल्ली आधीच्याचे नाव टाकल्यावाचून राज्य आले असे कोणास वाटतच नाही. मध्य प्रदेशात १९९४ साली पाणलोटाचे मिशन निघाले ते एका दिवंगत पंतप्रधानांच्या नावे. २००६ साली ‘जलाभिषेक’ झाला. २००७ साली शेततळ्याचे अनुदान बलरामाच्या नावे मंजूर होऊ लागले, ज्याने नांगराच्या टोकाने यमुना ओढून आणली आणि त्याकरिता एकही अर्ज तीन प्रतींत सादर केला नाही. २०२२ साली तळ्यांत अमृत आले, दर जिल्ह्यास ७५ या प्रमाणात. आणि २०२४ पासून प्रत्यक्ष गंगाच संवर्धनासाठी अवतरली. दक्षिणेतील आमच्या आप्तांनी हसण्याचे कारण नाही. त्यांचे ‘जलयुक्त शिवार’ २०१४ साली जन्मास आले, सरकार पालटताच मिटले आणि सरकार पुन्हा पालटताच ‘दोन’ हा आकडा लावून पुनर्जन्मास आले.

आता खुद्द जमिनीकडे वळू. आमच्या पूर्वजांच्या इनामापैकी जे १९५१ च्या मध्य भारतातील जमीनदारी व जहागिरी निर्मूलनाच्या कायद्यांनी घेतले नाही, ते चंबळेच्या बीहडाने घेण्यास आरंभ केला आहे. कायद्यात निदान मोबदल्याचे कलम होते. ओघळ कोणत्याही नोटिशीवाचून येते. येथील गाळाची माती खोल आणि भुसभुशीत; उतारावरून वाहणारे पाणी प्रथम बोटभर रेघ पाडते, रेघेची चरी होते, चरीची घळ होते, आणि मग त्या घळीचे तोंड दर पावसाळ्यात चढाच्या दिशेने, म्हणजे आपल्या पिकाच्या दिशेने, सरकत राहते. दऱ्यांनी नदीकडे पळावे अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात त्या गावाकडे चालत येतात.

यावरील उपाय गुप्त आहे असे नव्हे. मृद्संधारणाची संशोधन केंद्रे कोटा व आग्रा येथे १९५४ सालीच उघडली, आणि त्यांनी सिद्ध केलेली विद्या कोणाही कुणब्यास पटण्यासारखी आहे: घळीच्या तोंडाच्या वरच्या अंगास बांध घालून पाणी अडवावे, जादा पाण्यास सुरक्षित सांडवा द्यावा, उथळ घळी सपाट करून पायऱ्यांनी लागवडीस आणाव्या आणि खोल घळींत चराई बंद करून गवत व झाडे वाढू द्यावी. या विद्येत दोष एवढाच की ती स्वस्त आहे, आणि दरवर्षी पहिल्या पावसापूर्वी कोणीतरी फावडे घेऊन बांधावर जावे अशी तिची अपेक्षा आहे. बांधाचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. आणि ज्याचे उद्घाटन होत नाही ते सार्वजनिक हिताचे कसे असेल? म्हणूनच १९८० नंतरच्या दशकात या दऱ्यांवर विमानातून विलायती बाभळीचे बी पेरण्यात आले. ते रुजले, फोफावले आणि आता हटता हटत नाही. लोककल्याणाच्या योजनांत एवढी चिवट योजना विरळाच.

गेल्या आषाढात आमच्या चिमुकल्या तळ्याच्या तपासणीस एक अंमलदार आले होते. आपल्यातलेच होते, सौजन्यशील होते आणि अस्खलित मराठी बोलत होते. सांडव्याकडून पाळ खचली होती व आमचा बटईदार तेथे माती टाकीत होता. साहेबांनी चौफेर दृष्टी फिरवून विचारले, “काका, पाटी कोठे आहे?” आम्ही मोठ्या कौतुकाने बटईदाराच्या डोक्यावरील मातीच्या पाटीकडे बोट दाखविले. “ती नव्हे हो,” साहेब खिन्नपणे म्हणाले, “योजनेच्या नावाची. जुनी आहे ती बदलावी लागेल.” नवी पाटी आठ दिवसांत लोखंडी खांबांवर, सिमेंटच्या पायात, पाच पन्नास वर्षे टिकेल अशी उभी राहिली. पाळ श्रावणात फुटली. तपासणीचा शेरा मात्र ‘काम समाधानकारक’ असाच रुजू आहे, कारण तपासणी आषाढातली होती.

सर्व दोष दफ्तराच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण मग आम्हा भूमिधरांचे पुण्यकर्म अनुल्लेखित राहील. शेजाऱ्याचा बांध कोरून दर नांगरटीस एक तास जास्त काढण्याची कला आम्ही कोणत्याही अनुदानावाचून जोपासली आहे. अनुदानाच्या बांधावरून आम्ही ट्रॅक्टर नेतो, तळ्यात साठलेला गाळ काढणे हे सरकारचे काम समजतो, आणि जमीन वाहून गेली की तहसीलदारास अर्ज देतो. सरकार नावे बदलते आणि आम्ही बांध बदलतो. दोघांच्या मधून माती निघून जाते.

पाण्याला वाचता येत नाही, ही खरी अडचण आहे. ग्वाल्हेरच्या माधोमहाराजांच्या कारकिर्दीत बांधलेले तिघऱ्याचे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले आणि खालच्या गावांतील कित्येक माणसे गेली, तेव्हा पाणी केवळ भिंतीच्या माथ्यावरून, जेथे सर्वांची दृष्टी असते तेथून, आले नव्हते. ते पायातील वालुकाश्मातही मुकाट्याने शिरले होते. जेथे कोणी पाहत नाही तेथूनच ते जाते, मग धरण संस्थानचे असो की तळे आमचे.

ता. क. तळ्याच्या बांधास आम्ही पाळ म्हणतो आणि इकडच्या हिंदीत त्यास पाल म्हणतात. राजाचा ‘पाल’ म्हणजे पालनकर्ता, बांधाशी त्याचा संबंध नाही, अशी हरकत व्युत्पत्तिशास्त्रज्ञ घेतील व ती योग्यच असेल. तथापि पाळीची डागडुजी ८३ पिढ्या करणारे घराणे राज्य राखते आणि ८४ वा ती सोडतो तेव्हा सर्व वाहून जाते, एवढेच त्या सिद्धपुरुषास सुचवावयाचे असेल, तर ते सांगण्यास त्याला पाटी लावावी लागली नाही. आमचा बटईदार काल पुन्हा माती टाकीत होता. त्याच्या डोक्यावरील पाटीवर कोणाचेही नाव नव्हते.