तोलामोलाचा बिघाड

लग्नकार्यात मावशी माझी ओळख 'हा कॉम्प्युटरचं बघतो' अशी करून देते आणि मी घाईघाईने 'डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स' अशी भर घालतो. त्यावर समोरचा मला त्याच्या प्रिंटरबद्दल विचारतो. अशा माणसाला निदान बिघाड तरी तोलामोलाचा मिळावा!

निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांतले सेन्सर तिथल्या पेटीतल्या छोट्या एमक्यूटीटी ब्रोकरला, म्हणजे निरोप पुढे धाडणाऱ्या मध्यस्थाला, निरोप देतात आणि ते दोघे ब्रिजवरून नाशिकच्या मुख्य ब्रोकरला. तर निफाड जोडलं की दिंडोरी तुटे, दिंडोरी जोडलं की निफाड. मी फळ्यावर बाण काढले, नेटवर्क पार्टिशनवर व्याख्यान झोडलं. लॉग मात्र साळसूद: जो तो 'कनेक्टेड' म्हणून मोकळा.

कारण निघालं चिल्लर. एका पेटीच्या मेमरी कार्डावरून दुसरीचं कार्ड काढलेलं, म्हणून दोघांचा क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकरला सांगायचं नाव, एकच. त्याच नावाने दुसरा आला की एमक्यूटीटी ब्रोकर आधीच्याला बाहेर काढतो. तो परत येतो, की आतला बाहेर. फळ्यावरचे बाण मी अजून पुसलेले नाहीत. फार देखणे आलेत.

दोघांत एकच नाव, नाशिकला हे शोभत नाही. इथली परंपरा उलटी. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. कवितेपुरते कुसुमाग्रज, गावाचे तात्यासाहेब. नावं चार, माणूस एक, तरी १९८७चं ज्ञानपीठ बरोबर त्यांनाच पोचलं. त्यातलं एखादं नाव उसनं मागितलं असतं, तर तात्यासाहेब नाही म्हणाले नसते.

बिघाड चालू होता त्याच रात्री एका बागायतदार काकांचा फोन आला. छाटणीनंतरची कोवळी फूट, दुपारी पाऊस झालेला, म्हणजे डाऊनी रोगाची धास्ती. "भाऊ, पान ओलं दाखवतंय का कोरडं? डाऊनीचं औषध मारू का नको?" स्क्रीनवर 'कोरडं' होतं. पण तो ब्रोकरने जपून ठेवलेला 'रिटेन्ड' निरोप, पावसाआधीचा. त्यावर वेळ नव्हती, म्हणून ताजाच वाटत होता. तेव्हा मात्र मला खराखुरा संताप आला. तुटलेली लाइन निदान गप्प तरी बसते. ही शिळं उत्तर ठणकावून देत होती, आणि त्यावर एका माणसाचं वर्षभराचं पीक उभं होतं. म्हटलं, "काका, स्क्रीनचं ऐकू नका. बॅटरी घ्या आणि पानाला हात लावून बघा."

तेव्हा पेट्या बसवणाऱ्यांनो, कार्डावरून कार्ड खुशाल काढा. पण नव्या पेटीचं आधी बारसं करा आणि प्रत्येक निरोपावर वेळ घाला.